टायमर इंटरप्टमधून वॉचडॉग रीफ्रेश करणे कितपत योग्य आहे?

सातत्य (प्रश्न)

नमस्कार. दुसऱ्या कोणी लिहिलेले एक फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या चिपमध्ये बसवलेला प्रोग्राम, देखभालीसाठी माझ्याकडे आले आहे आणि त्यातील वॉचडॉगच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत रीफ्रेश न मिळाल्यास चिप रीसेट करणाऱ्या टायमरच्या, मांडणीबद्दल मला येथील जाणकारांचे मत हवे आहे. मायक्रोकंट्रोलर एसटीएम३२एफ४०७ असून तो १६८ मेगाहर्ट्‌झवर चालतो. आरटीओएस, म्हणजे कामांचे वेळापत्रक सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टम, नाही. ८४ मेगाहर्ट्‌झच्या टायमर क्लॉकवर प्रीस्केलर (क्लॉकचा भाजक) ८३ आणि ऑटो-रीलोड (मोजणीची मर्यादा) ९९९ ठेवून दर १ मिलिसेकंदाला एक इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून छोटे रूटीन चालवणारी विनंती, घेतलेला आहे. त्या इंटरप्ट रूटीनमध्ये एक काउंटर वाढतो आणि त्यावरून १० मिलिसेकंद, १०० मिलिसेकंद व १ सेकंद असे तीन फ्लॅग उभे राहतात. मेन लूप हे फ्लॅग पाहून अनुक्रमे आयटूसीवरील (डेटा आणि क्लॉक अशा दोन तारांच्या बसवरील) तापमान सेन्सरचे वाचन, हीटरचे नियंत्रण आणि डिस्प्ले व नोंदी ही कामे करतो.

स्वतंत्र वॉचडॉगचा, म्हणजे आयडब्ल्यूडीजीचा, प्रीस्केलर ६४ आणि रीलोड ९९९ आहे. ३२ किलोहर्ट्‌झच्या अंतर्गत ऑसिलेटरवर हा कालावधी २ सेकंद होतो. माझी शंका अशी की वॉचडॉग रीफ्रेश करण्याची ओळ त्याच १ मिलिसेकंदाच्या इंटरप्ट रूटीनच्या शेवटी आहे आणि तिला कोणतीही अट नाही.

चाचणी म्हणून मी सेन्सर बसची डेटा लाइन जमिनीला (ग्राउंडला) जोडून पाहिली. मेन लूप आयटूसीच्या प्रतीक्षेत अडकून राहिला, डिस्प्ले गोठला, हीटरचे आउटपुट शेवटच्या स्थितीत तसेच चालू राहिले आणि रीसेट झालाच नाही. मूळ लेखकाच्या टिपणात मात्र दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत. पहिली अशी, की अवैध पत्त्यावर मुद्दाम लिहून पाहिल्यावर वॉचडॉगने २ सेकंदांत रीसेट दिला, म्हणजे मांडणी तपासलेली आहे. दुसरी अशी, की नोंदी साठवताना फ्लॅशचा, म्हणजे चिपमधील कायमस्वरूपी मेमरीचा, १२८ किलोबाइटचा सेक्टर पुसावा लागतो, त्याला १ ते २ सेकंद लागू शकतात आणि तेवढा वेळ मेन लूप थांबत असल्यामुळे रीफ्रेश इंटरप्टमध्ये ठेवण्याला पर्याय नाही. हे दोन्ही मुद्दे मला पूर्णपणे खोडून काढता येत नाहीत. यातील नेमके काय खरे मानावे आणि मांडणी कशी बदलावी?

---

रजिस्टरवाचक

आपली शंका रास्त आहे आणि आपण केलेली चाचणी मूळ लेखकाच्या चाचणीपेक्षा अधिक बोलकी आहे. आधी त्या दोन मुद्द्यांकडे पाहू, कारण दोन्ही ऐकायला पटतात आणि दोन्ही चुकीच्या निष्कर्षाकडे नेतात.

अवैध पत्त्यावर लिहिल्यावर या चिपचा कॉर्टेक्स-एम४ गाभा हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे गंभीर त्रुटीच्या विशेष अवस्थेत, जातो. हार्डफॉल्टची प्राधान्यपातळी उणे १ अशी ठरलेली असते, म्हणजे कोणत्याही सामान्य परिधीय (टायमरसारख्या चिपमधील जोड-भागाच्या) इंटरप्टपेक्षा ती वरचढ असते. पूर्वनिर्धारित हार्डफॉल्ट हँडलर हा रिकामा अनंत लूप असल्यामुळे प्रोसेसर तेथे अडकतो, टायमरचा इंटरप्ट प्रलंबित राहतो, रीफ्रेशची ओळ चालत नाही आणि रीसेट होतो. थोडक्यात, लेखकाने बिघाडाचा तोच एक प्रकार निवडला ज्यात टायमरचा इंटरप्टही बंद पडतो. आपण निवडलेल्या बिघाडात मेन लूप मृत आणि इंटरप्ट जिवंत असतो. प्रत्यक्ष वापरात हा दुसरा प्रकार कितीतरी अधिक वेळा भेटतो, कारण बाहेरच्या उपकरणाची वाट पाहणारे लूप फर्मवेअरमध्ये जागोजाग असतात.

दुसरा मुद्दा तर मुळातच टिकत नाही. एफ४०७ मध्ये फ्लॅशची एकच बँक आहे. ती पुसली जात असताना कोणी फ्लॅशमधून वाचण्याचा प्रयत्न केला तर बस थांबून राहते. इंटरप्ट रूटीन फ्लॅशमध्येच असेल आणि व्हेक्टर टेबलही (इंटरप्ट रूटीनच्या पत्त्यांची यादी) तेथेच असेल, तर पुसण्याचे काम संपेपर्यंत इंटरप्टसुद्धा चालणार नाही. त्यामुळे ज्या कारणासाठी रीफ्रेश इंटरप्टमध्ये नेला, ते कारण तेथे नेऊन साधलेलेच नाही. सेक्टर पुसताना आजवर रीसेट झाला नसेल, तर पुसण्याला २ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला एवढेच त्याचे कारण आहे.

त्या २ सेकंदांवरही फार विसंबू नये. आयडब्ल्यूडीजी ज्या अंतर्गत ऑसिलेटरवर चालतो त्याची वारंवारता या मालिकेच्या डेटाशीटमध्ये किमान १७, नेहमीची ३२ आणि कमाल ४७ किलोहर्ट्‌झ अशी दिलेली आहे. आपल्या प्रीस्केलर आणि रीलोडचे गणित मांडले तर वेगवान ऑसिलेटर असलेल्या चिपवर हा कालावधी सुमारे १.३६ सेकंद आणि संथ ऑसिलेटर असलेल्या चिपवर सुमारे ३.७६ सेकंद भरतो. टेबलावरच्या एका बोर्डावर सर्व काही सुरळीत चालेल आणि त्याच आराखड्याचा दुसरा बोर्ड नोंदी साठवताना अधूनमधून रीसेट होईल, असे घडणे पूर्णपणे शक्य आहे.

आता मूळ प्रश्न. आवर्ती टायमरचा इंटरप्ट येत राहिला, तर टायमर मोजतो आहे आणि प्रोसेसर इंटरप्ट स्वीकारतो आहे, इतकेच सिद्ध होते. तापमान वाचले जाते का, हीटरचा निर्णय घेतला जातो का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. वर्गातल्या एकाच मुलाने उठून सर्वांची हजेरी लावावी, तसा हा प्रकार आहे. वॉचडॉगला दिलेला प्रत्येक रीफ्रेश हा सर्व आवश्यक कामे ठरलेल्या वेळेत पुरी झाल्याचा पुरावा असला पाहिजे.

यासाठी मी वापरत असलेली मांडणी अशी आहे. प्रत्येक कामासाठी एक स्वतंत्र ३२ बिटांचा उलट मोजणारा काउंटर ठेवावा. काम आपली एक फेरी पूर्ण करते, तेव्हा ते आपला काउंटर स्वतःच्या मर्यादेइतका भरते. आपल्या उदाहरणात सेन्सर वाचनाला ५० मिलिसेकंद, नियंत्रणाला ३०० मिलिसेकंद आणि डिस्प्ले व नोंदींना २.५ सेकंद अशा मर्यादा शोभतील. १ मिलिसेकंदाचा इंटरप्ट हे सर्व काउंटर एकेकाने कमी करतो. मेन लूपमध्ये, आणि केवळ एकाच ठिकाणी, सर्व काउंटर शून्याहून अधिक आहेत हे तपासून मगच आयडब्ल्यूडीजी रीफ्रेश करावा. काम सुरू होताना काउंटर भरू नये, ते संपताना भरावा. सुरुवातीला भरला तर मध्येच अडकलेले काम एका मर्यादेपर्यंत निरोगी भासते.

या मांडणीत एक उणीव राहते आणि ती लक्षात घेणे आवश्यक आहे. टायमरचा इंटरप्टच बंद पडला तर काउंटर कमी होणार नाहीत आणि मेन लूप निर्धास्तपणे रीफ्रेश करत राहील. आपल्या रचनेत कामे इंटरप्टने उभ्या केलेल्या फ्लॅगवरच चालतात, त्यामुळे अशा वेळी एकही काम होणार नाही, पण काउंटरही गोठलेले असल्याने ते कळणार नाही. म्हणून इंटरप्टलाही आपली हजेरी लावायला सांगावे. त्याने एक वेगळा फ्लॅग उभा करावा, मेन लूपने रीफ्रेश करण्यापूर्वी तो उभा आहे का ते पाहावे आणि रीफ्रेशनंतर तो खाली करावा.

मेन लूप आणि इंटरप्ट असे दोघेही वापरतात त्या चलांबद्दलही लिहितो, कारण येथे सूक्ष्म चुका होतात. सर्व कामांचे बिट एकाच शब्दात ठेवले आणि मेन लूपने त्यातील एक बिट उभा करायला घेतला, तर ती वाचा-बदला-लिहा अशी तीन पायऱ्यांची क्रिया असते. मध्येच इंटरप्ट येऊन त्याने त्याच शब्दात बदल केला तर तो बदल पुसला जाईल. प्रत्येक कामाला स्वतंत्र चल दिल्यास मेन लूपकडून होणारे लेखन एकाच सूचनेत होते आणि हा धोका उरत नाही. चल व्होलाटाइल घोषित करायला विसरू नये, म्हणजे कंपायलर त्यांचे वाचन-लेखन गाळणार नाही.

---

पिन_आणि_पुलडाउन

वरील उत्तराशी मी सहमत आहे. परंतु रीसेट झाल्यानंतर काय घडते, याचा विचार बहुतेक आराखड्यांत अपुरा असतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

आपल्याच चाचणीचे उदाहरण घेऊ. डेटा लाइन सेन्सरने स्वतः खाली धरून ठेवलेली आहे असे समजा. वाचन चालू असताना मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला तर नेमके असेच होते, कारण सेन्सर बाइटच्या मध्यावर असतो आणि पुढच्या क्लॉकची वाट पाहत लाइन धरून बसतो. मायक्रोकंट्रोलरच्या रीसेटने सेन्सर रीसेट होत नाही, कारण त्याचा वीजपुरवठा अखंड असतो. परिणामी नव्याने सुरू झालेले फर्मवेअर पहिल्याच वाचनात पुन्हा अडकते, वॉचडॉग पुन्हा रीसेट देतो आणि हे चक्र वीज घालवेपर्यंत थांबत नाही. यावरचा उपाय आयटूसीच्या विनिर्देशातच सांगितलेला आहे. डेटा लाइन खाली अडकलेली आढळली तर क्लॉक लाइनवर ९ स्पंदने द्यावीत, म्हणजे सेन्सर आपला बाइट पुरा करून लाइन सोडतो, आणि त्यानंतर स्टॉपची स्थिती निर्माण करावी. हे काम आयटूसी परिधीय सुरू करण्यापूर्वी, त्या पिना साधे आउटपुट म्हणून वापरून, प्रत्येक आरंभाच्या वेळी करावे.

त्याचबरोबर आयटूसीच्या प्रत्येक प्रतीक्षेला कालमर्यादा असली पाहिजे. सेन्सर उत्तर देत नाही हा बिघाड आपल्याला आधीच ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्या बिघाडाला फर्मवेअरने स्वतः सामोरे जावे, म्हणजे हीटर बंद करून डिस्प्लेवर त्रुटी दाखवावी. ज्या बिघाडाची कल्पना केलेली नव्हती त्याच्यासाठी वॉचडॉग राखून ठेवावा. म्हणून सेन्सर वाचनाच्या कामाने आपला काउंटर भरताना वाचन यशस्वी झाले का हे न पाहता आपली फेरी वेळेत संपली का एवढेच पाहावे. तसे केले नाही, तर एक तुटलेली तार संपूर्ण यंत्राला रीसेटच्या फेऱ्यात अडकवेल.

हीटरबद्दल एक हार्डवेअरचा मुद्दा. रीसेटच्या काळात आणि आरंभाचा कोड पिना ठरवेपर्यंत या मालिकेतील बहुतेक पिना तरंगत्या इनपुटच्या स्थितीत असतात. हीटर चालवणाऱ्या मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या गेटला जमिनीकडे नेणारा रोधक नसेल, तर रीसेटनंतर हीटर बंद राहील याची खात्री देता येत नाही. सुरक्षित स्थिती ही रोधकाने ठरवलेली असावी, फर्मवेअरने नव्हे.

रीसेटचे कारण जाणून घेण्याची सोय चिपमध्ये असते आणि ती वापरली नाही तर वॉचडॉगचा अर्धा उपयोग वाया जातो. आरसीसीच्या, म्हणजे रीसेट व क्लॉक सांभाळणाऱ्या भागाच्या, नियंत्रण व स्थिती रजिस्टरमध्ये वीज चालू होणे, बाह्य पिन, सॉफ्टवेअर, आयडब्ल्यूडीजी आणि विंडो वॉचडॉग यांचे वेगवेगळे फ्लॅग असतात. येथे एक खाचखळगा आहे. अंतर्गत कारणाने झालेला रीसेटही रीसेट पिन काही काळ खाली ओढतो, त्यामुळे बाह्य पिनचा फ्लॅगही उभा राहतो. तपासताना आधी वॉचडॉगचे फ्लॅग पाहावेत आणि पिनचा सर्वांत शेवटी पाहावा. वाचून झाल्यावर फ्लॅग पुसावेत, अन्यथा पुढच्या रीसेटच्या वेळी जुने कारणच दिसत राहील.

या कारणासोबत कोणत्या कामाचा काउंटर शून्य झाला होता त्याचा क्रमांकही जतन करता आला तर निदान फार सोपे होते. एफ४ मध्ये यासाठी ३२ बिटांची २० बॅकअप रजिस्टरे आहेत आणि ती सामान्य रीसेटने पुसली जात नाहीत. तेथेच सलग झालेल्या वॉचडॉग रीसेटची संख्या ठेवावी आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की हीटर पूर्णपणे बंद ठेवून केवळ डिस्प्ले व संवाद चालवणाऱ्या सुरक्षित अवस्थेत जावे. यंत्र काही काळ सुरळीत चालले की ही संख्या शून्य करावी.

इतर चिपवर काम करणाऱ्यांसाठी दोन टिपा जोडतो, कारण तेथील वागणूक वेगळी असते. एटीमेगा३२८पीमध्ये वॉचडॉग रीसेटनंतर वॉचडॉग चालूच राहतो आणि त्याचा कालावधी सर्वांत लहान, म्हणजे सुमारे १६ मिलिसेकंद, होतो. रीसेटच्या कारणाचा फ्लॅग आधी पुसल्याशिवाय तो बंदही करता येत नाही. आरंभाचा कोड संथ असेल तर यंत्र पुन्हा कधीच मुख्य फंक्शनपर्यंत पोहोचत नाही. एमएसपी४३० मालिकेत वॉचडॉग रीसेटनंतर आपोआपच चालू असतो आणि नेहमीच्या आरंभीच्या क्लॉकवर त्याचा कालावधी सुमारे ३२ मिलिसेकंद असतो. मोठ्या ग्लोबल अ‍ॅरेंना आरंभमूल्ये देण्यात एवढा वेळ सहज जाऊ शकतो, म्हणून तेथे वॉचडॉग मुख्य फंक्शनच्या आधीच थांबवावा लागतो. याच मालिकेत वॉचडॉगचे परिपथ रीसेटऐवजी साधा आवर्ती इंटरप्ट देण्यासाठीही वापरता येते, त्यामुळे एकच हार्डवेअर आज टायमर म्हणून आणि उद्या वॉचडॉग म्हणून वापरायचे असल्यास कोड नीट वाचावा.

---

सातत्य

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. हार्डफॉल्टची प्राधान्यपातळी आणि फ्लॅशची थांबणारी बस या दोन गोष्टींमुळे टिपणातील युक्तिवाद कोठे घसरतो ते स्पष्ट झाले.

आता दोन प्रश्न उरतात. सेक्टर पुसण्याच्या वेळेमुळे आयडब्ल्यूडीजीचा कालावधी वाढवावा लागणार, पण हीटर अनियंत्रित राहण्याचा काळ मला वाढवायचा नाही. या दोहोंचा मेळ कसा घालावा? आणि याच चिपमध्ये असलेला विंडो वॉचडॉग येथे उपयोगी पडेल का? पुढे हे फर्मवेअर फ्रीआरटीओएस या आरटीओएसवर नेण्याचाही विचार आहे, तेव्हा त्या दृष्टीनेही काही सांगता आले तर बरे होईल.

---

रजिस्टरवाचक

मेळ घालता येतो, कारण आपल्याकडे आता देखरेखीचे दोन थर आहेत आणि दोन्हींना एकच कालावधी असण्याची गरज नाही.

कामांचे काउंटर हा पहिला, जलद थर आहे. एखादा काउंटर शून्य झाल्याचे टायमरच्या इंटरप्टलाच प्रथम कळते. त्याने त्याच क्षणी हीटरचे आउटपुट थेट बंद करावे, कामाचा क्रमांक बॅकअप रजिस्टरमध्ये लिहावा आणि सॉफ्टवेअर रीसेट द्यावा. मेन लूप कोठेही अडकलेला असला तरी हीटर ३०० मिलिसेकंदांच्या आत बंद होतो. इंटरप्टसुद्धा चालत नसेल अशा बिघाडासाठी आयडब्ल्यूडीजी हा दुसरा आणि अखेरचा थर राहतो, आणि त्याचा कालावधी सेक्टर पुसण्याच्या कमाल वेळेवरून ठरवता येतो. पुसण्याला कमाल २ सेकंद धरून त्यावर दुप्पट सवलत घेतली तर सर्वांत वेगवान ऑसिलेटरवरही ४ सेकंद मिळायला हवेत. प्रीस्केलर २५६ आणि रीलोड सुमारे ७३५ ठेवल्यास ते साधते, परंतु सर्वांत संथ ऑसिलेटरवर हाच कालावधी ११ सेकंदांपर्यंत जातो. हा फरक कमी करायचा असेल तर या चिपमध्ये अंतर्गत ऑसिलेटर टायमर ५ च्या चौथ्या चॅनेलला जोडण्याची सोय आहे. आरंभी त्याची प्रत्यक्ष वारंवारता मोजावी आणि रीलोड त्यानुसार काढावा.

तरीही माझा कल मूळ अडचणच दूर करण्याकडे आहे. नोंदींसाठी १२८ किलोबाइटच्या सेक्टरऐवजी सुरुवातीच्या १६ किलोबाइटच्या सेक्टरांपैकी एक मोकळा करता आला, तर ३२ बिटांच्या समांतर लेखनावर पुसण्याचा कमाल काळ अर्ध्या सेकंदावर येतो. किंवा पुसण्याचे काम हीटर बंद असतानाच करावे.

पुसण्याच्या काळाचा आणखी एक परिणाम आपल्या टायमरवर होतो आणि तो सहसा नजरेतून सुटतो. बस थांबलेली असताना इंटरप्ट चालत नाही, आणि त्या दरम्यान कितीही वेळा इंटरप्टची विनंती आली तरी शेवटी एकच प्रलंबित राहते. म्हणजे १ सेकंद पुसण्यात गेला तर आपला मिलिसेकंदांचा काउंटर जवळजवळ १ सेकंद मागे पडतो. कामांचे काउंटर त्यामुळे खोटा इशारा देत नाहीत हे सोयीचे आहे, पण त्याच मिलिसेकंदांवरून नोंदींची वेळ किंवा नियंत्रणातील संकलन (इंटिग्रल) काढले जात असेल तर त्यात चूक शिरते. टायमर २ आणि टायमर ५ हे ३२ बिटांचे आहेत आणि हार्डवेअरमध्ये मोजत राहतात. वेळेचे मापन त्यांपैकी एकावरून करावे आणि १ मिलिसेकंदाचा इंटरप्ट केवळ कामांना जागे करण्यासाठी वापरावा.

मिलिसेकंदांच्या ३२ बिटी काउंटरची तुलनाही तपासून पाहा. तो ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. ‘आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का’ अशी थेट तुलना त्या क्षणी फसते, तर आत्ताच्या वेळेतून मागील वेळ चिन्हरहित वजाबाकीने काढून आलेला फरक कालावधीशी ताडल्यास ती बरोबर राहते. हा दोष टेबलावरच्या चाचणीत कधीच दिसत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांसाठी काढलेल्या आदेशात २४८ दिवस अखंड वीज चालू राहिल्यास जनरेटरची नियंत्रण एकके बंद पडू शकतात असे म्हटले होते, आणि सेकंदाचे शंभरावे भाग ३१ बिटांत मोजले तर नेमकी हीच मर्यादा येते. चाचणीसाठी आपला काउंटर शून्याऐवजी कमाल मूल्याच्या एक मिनिट आधीपासून सुरू करावा, म्हणजे उलटण्याचा क्षण रोजच तपासला जातो.

---

टास्कसूची

विंडो वॉचडॉग आणि आरटीओएस या दोन प्रश्नांना मी उत्तर देतो.

साधा वॉचडॉग उशीर पकडतो, तर विंडो वॉचडॉग उशीर आणि घाई दोन्ही पकडतो. रीफ्रेश ठरलेल्या खिडकीच्या आधी आला तरीही तो रीसेट देतो, त्यामुळे कोड भरकटून रीफ्रेशच्या ओळीभोवतीच फिरू लागला तर तेही उघड होते. मात्र एफ४ मधील विंडो वॉचडॉगचा काउंटर ७ बिटांचा आहे, त्यातील ६४ पायऱ्याच उपयोगी पडतात आणि त्याला परिधीय बसचा क्लॉक ४०९६ ने भागून मिळतो. ४२ मेगाहर्ट्‌झच्या बसवर सर्वांत मोठ्या प्रीस्केलरसह जास्तीत जास्त कालावधी सुमारे ५० मिलिसेकंद भरतो. सेकंदभर चालणारे पुसणे यात बसणे शक्य नाही. शिवाय तो मुख्य क्लॉकवर अवलंबून असल्यामुळे त्या क्लॉकच्याच बिघाडावर त्याचा भरवसा धरता येत नाही. घरगुती उपकरणांच्या नियंत्रकांसाठी असलेल्या आयईसी ६०७३० सारख्या मानकांत स्वतंत्र कालस्रोतावरील देखरेखीला महत्त्व दिलेले आहे ते याच कारणाने. आपल्या यंत्रात मी आयडब्ल्यूडीजी आणि कामांचे काउंटर यांवरच थांबेन. ज्यांना विंडो वॉचडॉग वापरायचा आहे त्यांनी रीसेटच्या एक पायरी आधी मिळणारा त्याचा पूर्वसूचना इंटरप्ट केवळ स्टॅकवरील परतीचा पत्ता जतन करण्यासाठी वापरावा. त्यातच रीफ्रेश करणे म्हणजे आपण ज्या दोषाबद्दल बोलत आहोत तोच दोष दुसऱ्या दाराने आत आणणे होय.

फ्रीआरटीओएसवर जाताना प्रत्येक टास्कने इव्हेंट ग्रुपमधील (टास्कच्या हजेरीचे बिट ठेवण्याच्या सामायिक जागेतील) आपला बिट उभा करावा आणि कमी प्राधान्याच्या एका देखरेख टास्कने सर्व बिट जमल्यावरच वॉचडॉग रीफ्रेश करावा. देखरेख टास्क कमी प्राधान्याचा असण्यात लाभ आहे, कारण एखादा उच्च प्राधान्याचा टास्क प्रोसेसर सोडतच नसेल तर देखरेखीला वेळ मिळणार नाही आणि रीसेट होईल. क्यूवर (संदेशांच्या रांगेवर) अनंत काळ थांबणारे टास्क मात्र बदलावे लागतील. संदेश आला नाही तरी त्यांनी ठरावीक काळाने जागे होऊन हजेरी लावली पाहिजे. आवर्ती टास्कसाठी साधा विलंब न वापरता मागील जागृतीच्या क्षणापासून मोजणारा विलंब वापरावा. साध्या विलंबात कामाला लागलेला वेळ दर फेरीत कालावधीत मिळवला जातो आणि १०० मिलिसेकंदांचे काम हळूहळू सरकत जाते.

बिट जमले नाहीत तर त्याचे कारण त्याच टास्कमध्ये असेल असे गृहीत धरू नये. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी वारंवार रीसेट होऊ लागला होता. कमी प्राधान्याच्या हवामानविषयक टास्कने म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारे कुलूप) धरलेला असताना मध्यम प्राधान्याचे टास्क त्याला अडवत, आणि त्याच म्युटेक्सची वाट पाहणारा उच्च प्राधान्याचा बस टास्क आपली फेरी वेळेत पुरी करू शकत नसे. फेरी चुकल्याचे देखरेखीच्या ध्यानात येई आणि रीसेट दिला जाई. म्युटेक्सवर प्राधान्य-वारसा, म्हणजे कुलूप धरणाऱ्या टास्कला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते देणे, चालू करून तो दोष पृथ्वीवरून दूर करण्यात आला. उशीर झालेला टास्क निर्दोष होता. म्हणून नोंदीत उशीर झालेल्या टास्कच्या क्रमांकासोबत त्या क्षणी कोणता टास्क चालू होता हेही लिहावे.

---

सातत्य

आपण सुचवलेली काउंटरची मांडणी मी एका चाचणी आवृत्तीत बसवली. डेटा लाइन जमिनीला जोडल्यावर हीटर तात्काळ बंद होतो आणि रीसेटनंतर बॅकअप रजिस्टरमध्ये सेन्सरच्या कामाचा क्रमांक मिळतो. आयटूसीच्या प्रतीक्षेला कालमर्यादा घातल्यावर मात्र त्याच चाचणीत रीसेट होत नाही, केवळ त्रुटी दिसते, आणि तेच अपेक्षित होते. इंटरप्ट बंद करून अनंत लूपमध्ये जाणे, टायमरचाच क्लॉक बंद करणे आणि प्रत्येक कामात मुद्दाम अडकणे या चाचण्याही आता आवृत्तीचा भाग केल्या आहेत.

एकच शेवटचा प्रश्न आहे. आयडब्ल्यूडीजी कोडमधून सुरू करावा की ऑप्शन बाइटमधून, म्हणजे वीज येताक्षणी हार्डवेअरनेच सुरू होईल असा ठेवावा?

---

रजिस्टरवाचक

हीटर असलेल्या यंत्रात मी ऑप्शन बाइटकडे झुकेन, कारण कोडमधून सुरू होणारा वॉचडॉग त्या ओळीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच्या बिघाडाला निरुपयोगी असतो. त्यासाठी मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. हार्डवेअरने सुरू झालेला आयडब्ल्यूडीजी प्रीस्केलर ४ आणि रीलोड ४०९५ घेऊन सुरू होतो, म्हणजे साधारण अर्धा सेकंद आणि वेगवान ऑसिलेटरवर सुमारे ०.३५ सेकंद. मुख्य क्लॉकचा स्फटिक स्थिर होण्याची वाट पाहण्याआधीच, आरंभाच्या अगदी पहिल्या ओळींत, आपला कालावधी त्यात लिहावा. आणि एकदा सुरू झालेला आयडब्ल्यूडीजी रीसेटशिवाय थांबत नाही, त्यामुळे बूटलोडरनेही (नवे फर्मवेअर चिपमध्ये उतरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामनेही) तो रीफ्रेश करणे आवश्यक ठरते. नवे फर्मवेअर स्वीकारताना बूटलोडरने प्रत्येक पॅकेट तपासून फ्लॅशमध्ये लिहून झाल्यावरच रीफ्रेश करावा, नुसते पॅकेटची वाट पाहत असताना प्रतीक्षेच्या लूपमध्ये एक मर्यादा ठेवावी, आणि ती ओलांडली की पुन्हा जुन्या फर्मवेअरकडे वळावे. डीबगर जोडून काम करताना प्रोसेसर थांबवल्यावर आयडब्ल्यूडीजीही थांबावा असा बिट डीबग नियंत्रणाच्या रजिस्टरमध्ये आहे. तो चाचणी आवृत्तीत उभा करावा, अन्यथा पहिल्याच ब्रेकपॉइंटवर रीसेट होईल.